कोरा चहा, दुधाचा चहा आणि आपण

स्मरणिका समितीने ‘सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा’ असं मला सांगितलं तेव्हा नोंदणी, ताबा, लिफ्ट, पाण्याची टाकी, कन्व्हेयन्स हे सगळे मोठे विषय आधीच वाटून झाले होते. शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवल्यामुळे कागद बघितल्याशिवाय लिहायची मला सवय नाही. म्हणून सचिवांकडून जुन्या इतिवृत्तांच्या वह्या मागून घेतल्या. पंचवीस वर्षांत अध्यक्ष बदलले, सचिव बदलले, वहीतलं अक्षर बदललं, भांडणाचे विषयही बदलले. एक वाक्य मात्र पहिल्या वहीपासून शेवटच्या वहीपर्यंत जसंच्या तसं आहे : ‘चहापानानंतर सभेची सांगता झाली.’

म्हणजे ज्यावर आपलं सगळ्यांचं एकमत झालं, असा ठराव हा एकच! तेव्हा या लेखाचा विषय चहा.

आता एकमत म्हटलं खरं, पण ते चहा हवा की नको एवढ्यापुरतंच. कसा हवा म्हणाल तर मजल्यागणिक मतं वेगळी. तळमजल्यावरच्या काकांना आलं इतकं लागतं की पहिल्या घोटाला ठसका लागलाच पाहिजे. आमच्या मजल्यावरच्या गुजराती वहिनी पुदिना आणि गवती चहा दोन्ही टाकतात. सिंधी काकूंकडे वेलची सढळ हाताने असते आणि चहाच्या आधी पाणी आणि पापड समोर येतो. पाण्याबरोबर पापड हा त्यांच्याकडचा पाहुणचार, तो नाकारायचा नसतो. बंगाली कुटुंब भाड्याने राहायला आलं तेव्हा बिनदुधाच्या चहात लिंबू आणि काळं मीठ घालतात हे आपल्या मुलांना पहिल्यांदा कळलं. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा अजून बशीत ओतून फुर्र करून पितात. आणि एका घरात फक्त फिल्टर कॉफी होते, त्यांना आपण सर्वांनी मोठ्या मनाने माफ केलेलं आहे.

माझं म्हणाल तर मला कोरा चहा लागतो. बिनदुधाचा, गवती चहाच्या वासाचा, आणि जमलं तर थोडासा धुरकट. कुणाकडे गेले की ‘अगं, दूध आहे घरात, नुसता कोरा काय देऊ तुला?’ हे वाक्य ऐकावं लागतं. या एका वाक्यात केवढा इतिहास भरलेला आहे, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी चहा आला कुठून

ठाणेकरांना १६ एप्रिल १८५३ ही तारीख सांगायला नको. बोरीबंदरहून १४ डब्यांची, सुमारे ४०० पाहुण्यांची गाडी ३४ किलोमीटर धावून आपल्या ठाण्यात आली. त्या दिवशी गाडी बघायला खाडीकाठी, रुळांकाठी जे लोक जमले असतील, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात चहा नव्हता. पाहुणा आला तर गूळपाणी, फार तर ताक किंवा दूध. चहा ही साहेबाच्या बंगल्यावरची वस्तू होती.

आणि साहेबाचा चहासुद्धा तोवर मुख्यतः चीनमधून येत होता. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस हा स्कॉटिश व्यापारी आसामात सिंगफो लोकांच्या प्रमुखाला भेटला. ही गाठ घालून देण्यात मणिराम दिवाण या आसामी गृहस्थाचा हात होता. सिंगफो मंडळी चहाचं झाड ओळखत होती आणि चहा पीतही होती. त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. पानं भाजायची, उन्हात वाळवायची, बांबूच्या नळीत ठासून भरायची आणि ती नळी चुलीवर धुरात टांगून ठेवायची. लागेल तसा तुकडा कापून पाण्यात टाकायचा. तेव्हा धुराच्या वासाचा बिनदुधाचा चहा हे काही कुठलं परदेशी फॅड नाही. भारतातल्या जुन्यात जुन्या चहांपैकी तो एक आहे.

पुढे १८३३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चीनशी व्यापार करण्याचा मक्ता संपला. तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान होते अर्ल ग्रे. हो, ज्यांच्या नावाचे डबे आज मॉलमध्ये मिळतात तेच. मक्ता गेल्यावर हिंदुस्थानातच चहा पिकवायची घाई झाली. १८३४ मध्ये बेंटिंकने त्यासाठी समिती नेमली आणि जानेवारी १८३९ मध्ये आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला. मणिराम दिवाणांनी स्वतःचे मळे काढले, पण १८५७ च्या उठावात सामील झाल्याच्या आरोपावरून १८५८ मध्ये इंग्रजांनी त्यांना फाशी दिलं. आपल्या कपातल्या पहिल्या घोटाशी इतक्या गोष्टी जोडलेल्या आहेत.

कल्याणचे पोस्टातले गोपाळराव आणि पुण्यातला चहा

महाराष्ट्रात चहाने सर्वांत मोठं वादळ उठवलं ते १८९० मध्ये, आणि त्या वादळाचं एक टोक आपल्या जिल्ह्यात आहे. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या कल्याणच्या, हे आपल्याला माहीत असतं. त्यांचे पती गोपाळराव कल्याणच्या पोस्टात नोकरीला होते, तेव्हा हे लग्न जमलं. बायकोला शिकवण्याचा ध्यास घेतलेला हा माणूस स्वभावाने मोठा विक्षिप्त होता. आनंदीबाई १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यानंतर गोपाळराव पुण्यातच होते.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. शहरातली नामवंत मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी चहा प्यायले, कुणी कप नुसता हातात घेऊन खाली ठेवला. आणि मग गोपाळरावांनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली!

झालं, सनातनी मंडळी खवळली. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, ग्रामण्य झालं. सरळ मराठीत सांगायचं तर बहिष्कार. त्या काळी बहिष्कार म्हणजे श्राद्धाला भटजी मिळायचा नाही, लेकीबाळी माहेरी यायच्या नाहीत, पंगतीत पान मांडलं जायचं नाही. अखेर रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यावरून सुधारक मंडळी त्यांच्यावर नाराज झाली ती वेगळीच. टिळकांनी आपली बाजू धर्मशास्त्राच्या आधारे मांडली आणि प्रायश्चित्त घेतल्याचंही सांगितलं.

वर्गात हे प्रकरण शिकवताना मुलं हसायची. ‘बाई, चहावरून एवढं?’ मी म्हणायचे, चहात काही नव्हतं रे. प्रश्न होता कुणाच्या हातचा आणि कुणाच्या कपातला, हा. तो प्रश्न १८९२ मध्ये संपला असं समजू नका. त्याच्याकडे आपण परत येऊ.

स्टेशनावरचा चहा

चहा सर्वसामान्यांच्या घरात शिरला तो मुळात जाहिरातीमुळे. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशांतून प्रचार सुरू झाला. सुरुवातीला परदेशातली गिऱ्हाइकं वाढवायची होती; पुढे मळेवाल्यांच्या लक्षात आलं की आपल्या दारातच कोट्यवधी माणसं आहेत, ज्यांना अजून चहाची सवय लागलेली नाही. मग गिरण्या, खाणी, कारखाने इथे चहाची सुट्टी आणि चहाचे ठेले सुरू झाले. स्टेशनांवर पत्र्याच्या मिनाकारी पाट्या लागल्या. चहा कसा करावा, हे त्यांवर देशी भाषांत चित्रांसह लिहिलेलं असे. ताजं पाणी उकळा, किटली गरम करा, माणशी एक चमचा चहा टाका, झाकून ठेवा, मग कपात दूध-साखर घाला.

आपल्या लोकांनी पाटी वाचली आणि जे करायचं तेच केलं. पाणी, दूध, साखर, पावडर, आलं, सगळं एका पातेल्यात टाकून खळाखळा उकळलं. मळेवाल्यांना ते मुळीच पसंत नव्हतं, कारण दूध, साखर आणि मसाला वाढला की पावडर कमी लागते! पण चहाच्या बाबतीत आपल्या माणसाने साहेबाचं ऐकलं नाही ते नाहीच.

विरोधकही होते. गांधीजींना चहा नको होता, बंगालमध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र राय तर चहाला विषच म्हणत. तरीही चहा वाढतच गेला. १९३० च्या सुमारास आसामात पानं दाबून, फाडून, गोळ्या करणारं सीटीसी यंत्र निघालं. स्वातंत्र्यानंतर ते सर्वत्र पसरलं आणि कमी पावडरीत जास्त कप, गडद रंग असा स्वस्त चहा गोरगरिबांच्या आवाक्यात आला. आपण ज्याला ममरी म्हणतो तो हाच. दूध पचवायची ताकद या चहात असते. नुसत्या पाण्यात मात्र तो जरा वेळ जास्त राहिला की कडू होतो. कोऱ्या चहासाठी लांब पानाचा चहा बरा, असं मी सगळ्यांना सांगत असते ते यासाठी.

त्याच स्टेशनांवर आणखी एक गोष्ट होती. ‘हिंदू पानी, मुसलमान पानी’ अशा आरोळ्या असत, तशीच ‘हिंदू चाय, मुसलमान चाय’ही असे. गाडी एक, इंजिन एक, पाणी एकाच नळाचं, पण किटल्या दोन. आणि गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी कप वेगळे, बाहेर खुंटीला किंवा कोनाड्यात ठेवलेले, पिऊन झाल्यावर ज्याचे त्याने धुवायचे. १९५० मध्ये राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली, १९५५ मध्ये तसं वागणं गुन्हा ठरवणारा कायदा झाला. कायद्याने किटल्या एक झाल्या. कपांना वेळ लागला.

आजीचा चहा आणि मॉलमधला डबा

माझं आजोळ संगमेश्वराकडचं. तिकडे घराच्या मागच्या दारी, न्हाणीच्या पाण्यावर गवती चहाचं बेट असायचंच. पहाटे आजी चुलीवर आधण ठेवायची. पातेल्यावर झाकण नाही, खाली ओलसर लाकडं आणि नारळाची सोडणं, त्यामुळे धूर पातेल्याला वेढा घालूनच वर जायचा. चार पाती चुरगळून टाकायची, गुळाचा खडा, आणि शेवटी पावडर. दूध नसायचंच. गाय आटलेली असायची किंवा असलेलं दूध लहान मुलांसाठी असायचं. तो चहा धुरकट लागायचा आणि वरून लिंबासारखा वास यायचा.

पुढे अनेक वर्षांनी भाचीने परदेशातून दोन डबे आणले. एक अर्ल ग्रे, दुसरा लॅपसांग सूचाँग. पहिल्याला बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीच्या तेलाचा वास असतो. हे फळ इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात पिकतं. दुसरा चीनच्या वुयी डोंगरातला, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला. रशियात असा धुरकट चहा फार आवडीने पितात. उंटांचे तांडे तो चीनच्या सीमेवरच्या क्याख्ताहून महिनोन्‌महिने वाहून नेत आणि रात्रीच्या शेकोट्यांचा धूर चहाला लागे, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. मी दोन्ही डब्यांतला थोडा थोडा चहा एकत्र करून प्यायले. घोट घेतला मात्र आणि हसू आलं. हा तर आजीचा चहा! तिच्याकडे दूध नव्हतं म्हणून झालेला चहा साहेबाकडे डब्यात घालून, सोनेरी अक्षरं लावून विकतात.

यातलं थोडं शास्त्रही सांगते, कारण आपल्या सोसायटीत सायन्सची मुलं बरीच आहेत. गवती चहाला जो वास येतो तो सिट्रल या द्रव्याचा. तेच लिंबाच्या सालीतही असतं, म्हणून वास लिंबाचा. पण गवती चहात लिंबाचा आंबटपणा नाही. त्यामुळे त्यात दूध घातलं तरी फाटत नाही, आणि लिंबू पिळलं तर मात्र आम्लाने दुधातलं प्रथिन साकळतं. लिंबू पिळल्यावर कोऱ्या चहाचा रंग उजळतो, तोही आम्लाचाच परिणाम. आणि सुकलेला चहा आसपासचा वास फार लवकर धरतो. रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवलेल्या पावडरीचा चहा ज्यांनी रेशनच्या काळात प्यायलाय, त्यांना हे वेगळं शिकवायला नको.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. धुराची चव मला आज आवडते, कारण मला धूर गिळावा लागत नाही. आजीने तो जन्मभर गिळला. फुंकणीने फुंकताना तिचे डोळे लाल व्हायचे, पावसाळ्यात खोकला हटायचा नाही. चूल गेली, स्टोव्ह आला, सिलिंडर आला, आता पाइपचा गॅस आला. या प्रवासाला माझा मनापासून नमस्कार आहे. चुलीवरच्या चहाच्या पाट्या हायवेवर बघितल्या की मला आधी चुलीपुढे बसलेली बाई दिसते.

दुधाचा मान

आता ते वाक्य : ‘दूध आहे घरात, कोरा काय देऊ?’

मुंबई-ठाण्यात दूध ही एके काळी दुर्मीळ गोष्ट होती. १९४९ मध्ये आरे कॉलनी उभी राहिली, मग दुधाचं कार्ड, पहाटेची रांग, काचेच्या बाटल्या. चाळीतल्या पाहुण्याला दुधाचा चहा दिला म्हणजे आपल्या वाटणीतलं दिलं. १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पिशवीतलं दूध दारात येऊ लागलं. पण सवय राहिली. दुधाचा, दाट, गोड चहा म्हणजे मान. पातळ चहा म्हणजे फुळकवणी, अपमान. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी चहावरून घराची पत ठरवलेली आहे. त्यामुळे कोरा मागणारी माझ्यासारखी बाई यजमानाला संकटात टाकते. तिच्या मागणीमुळे त्याचा मान दाखवायचा मार्गच बंद होतो!

आपल्या कोपरीत हे सगळे चहा शेजारी शेजारी राहिले. इथले मूळचे कोळी-आगरी, खाडीवर आणि मिठागरांवर कामाला जाणारे. मीठबंदर रोड हे नाव अजून त्या दिवसांची साक्ष देतं. पहाटे पाण्यावर जायचं तर कोरा चहा आणि तांदळाची भाकरी. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं कोपरी कॉलनीत वसली; त्यांनी वेलचीचा चहा आणला, न्याहारीची कोकी आणली. कोकण आणि घाटावरून नोकरीसाठी आलेली माणसं, गुजराती दुकानदार, उत्तरेकडून आलेले टपरीवाले, स्टेशनच्या पूर्वेला उतरून हातात कटिंग घेऊन उभे राहणारे आपण सगळे. टपरीवर काचेचा ग्लास सगळ्यांना एकच. साहेबाने ओठ लावलेला ग्लास एका बुडवणीत हमालाच्या हातात जातो. स्वच्छतेचं काय म्हणायचं ते म्हणा, पण पंचहौदच्या प्रकरणानंतर शंभर वर्षांत टपरीने केलेलं हे काम मी लहान मानत नाही.

२६ जुलै

आपल्या सोसायटीचा म्हणून एक चहा आहे. तो जुन्या सभासदांना आठवत असेल, नव्यांसाठी लिहून ठेवते.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. आपल्याकडेही पाणी चढलं, वीज गेली, लोकल बंद पडल्या. आपली माणसं कुणी भायखळ्याहून, कुणी कुर्ल्याहून रुळांतून चालत निघालेली. फोन लागत नाहीत. रात्रभर आपल्या जिन्यात मेणबत्त्या होत्या आणि प्रत्येक मजल्यावरून एकच प्रश्न : ‘आमचे आले का?’

सकाळी दुधाची गाडी आलीच नाही. तेव्हा वॉचमनदादांनी कोरड्या राहिलेल्या पार्किंगच्या कोपऱ्यात तीन विटा मांडल्या, कुणाच्या तरी फर्निचरच्या फळ्या फोडून जाळ केला. सत्यनारायणाच्या प्रसादाचं मोठं पातेलं खाली आलं. बागेतला गवती चहा मुळासकट चिखलात लोळत होता, तो धुऊन टाकला. पावडर चार घरांतून, साखर चार घरांतून. फळ्या ओल्या, त्यामुळे धूर असा की सगळे डोळे पुसत होते, आणि काहीजण धुराच्या निमित्ताने रडूनही घेत होते. दूध नाही म्हणून कुणी तक्रार केली नाही. रात्रभर चालून आलेले लोक गेटमधून आत यायचे आणि हातात जे भांडं येईल त्यात चहा घ्यायचे. रस्त्याने जाणारे, ओळखदेख नसलेले लोकही थांबले. कुणाचा कप कुणाच्या हातात होता हे कुणी बघितलं नाही. बघायला उजेडच नव्हता असं म्हणा हवं तर.

धुरकट, लिंबाच्या वासाचा कोरा चहा. जगात तो कुठल्याही नावाने विकू देत, माझ्या दृष्टीने तो आपल्या सोसायटीचा चहा आहे.

कपाचं काय झालं

मग लॉकडाऊन आला. मार्च २०२० नंतर आपण वेगळे कप ठेवायला शिकलो. त्यात गैर काही नव्हतं; साथ होती, एकाच घरात आजारी माणसाचं ताटसुद्धा वेगळं होतं. गेटवरच्या दादांना थर्मासमधून चहा आणि कागदी कप, हेही त्या काळात योग्यच होतं.

पण साथ गेली, आणि घरातल्या माणसांचे कप परत एकत्र झाले. बाहेरच्यांचे झाले का? आपापल्या स्वयंपाकघरात एकदा बघा. ओट्याच्या कडेला, खिडकीत किंवा सिंकखाली एखादा कान तुटलेला कप, एखादा स्टीलचा पेला वेगळा ठेवलेला आहे का? धुणंभांडी करणाऱ्या ताई आपल्या घरातले सगळे कप घासतात आणि चहा मात्र त्या एकाच कपात पितात. कुणी विचारलं तर आपण म्हणतो, ‘त्यांनाच तो आवडतो.’

माझ्या आजीच्या घरी गड्यांना चहा करवंटीतून मिळायचा. गडी अंगणात उकिडवा बसायचा, पिऊन झालं की करवंटी फेकून द्यायची. आजी वाईट नव्हती. गडी उपाशी जाऊ नये म्हणून स्वतःचा घोट त्याला देणारी होती. तिच्या काळाने तिला जे शिकवलं ते ती करत होती. आपल्या काळाने आपल्याला दुसरं शिकवलेलं आहे, एवढाच फरक आहे आणि तो मोठा आहे. १८९० मध्ये ज्यांनी मिशनमधल्या चहावर बहिष्कार घातला, त्यांना आज आपण हसतो. आपली नातवंडं कशाला हसतील, याचा विचार रौप्यमहोत्सवी वर्षात करायला हरकत नसावी.

सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणजे काय, हे १९६० च्या कायद्यात कलमवार दिलेलं आहे. माझी व्याख्या सोपी आहे : ज्यांनी एकमेकांना निवडलेलं नाही, त्यांनी एका छपराखाली एका पातेल्यातला चहा पिणं.

म्हणून कार्यकारिणीला एक लेखी सूचना या लेखातूनच करते. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी केटररच्या चहाबरोबर एक पातेलं कोऱ्या चहाचंही ठेवावं. कृती देते : दहा कप पाण्याला गवती चहाची वीस-पंचवीस पाती, बारीक कापून, तीन मिनिटं उकळावी. गॅस बंद करून पाच-सहा चमचे पानाचा चहा टाकावा, तीन मिनिटं झाकून गाळावा. गूळ वेगळा ठेवावा, ज्याला हवा तो घेईल. धुराची हौस असेल तर नारळाच्या करवंटीचा एक निखारा वाटीत ठेवून, चहा टाकायच्या आधी पातेल्यात दोन मिनिटं झाकावा. हे गच्चीवर करावं, घरात नाही.

आणि कप कागदी नकोत. क्लबहाऊसच्या कपाटात सोसायटीने घेतलेले सहा डझन चिनी मातीचे कप आहेत, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद आहे, मी बघितली. ते काढावेत. सभासद, भाडेकरू, वॉचमनदादा, सफाईवाले, घरकामाच्या ताई, लिफ्टचा मेकॅनिक, सगळ्यांना त्याच कपांतून चहा द्यावा आणि कप विसळायला आपण दोघं-दोघं पाळीने उभं राहावं. माझं नाव पहिल्या पाळीला लिहून ठेवा.

मग सचिवांनी नेहमीचं वाक्य वहीत लिहायला हरकत नाही.